मैदानावर सोलर बसलं त्या वर्षी

शिरूरच्या आमच्या मैदानावर मी बरीच वर्षं गोलकीपर होतो. त्या काळात माझं नाक दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा आमच्याच स्टॉपरनं, माझ्या पुढं बचावाला खेळणाऱ्यानं, मोडलं. हेडरला उडी घेताना पुढं कोण आहे हे तो बघायचाच नाही. एकदा पाहुण्या संघातल्या एकाची नडगी त्याच्या बुटाखाली मोडली, तो आवाज मी गोलातून ऐकला होता. खेळ संपल्यावर मात्र तोच त्या माणसाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला. असा तो होता. संघात मला सगळे किपर म्हणायचे आणि त्याला स्टॉपर. आम्हीही एकमेकांना त्याच नावानं हाक मारायचो.

मैदान जुन्या मिशनच्या आवारात, चर्चच्या मागं. आमची ख्रिस्ती घरं तिथंच होती. स्टॉपर न्हावऱ्याच्या शेतकरी घरातला, मोटारसायकलवर यायचा. गवत नावालाच, खाली सगळा मुरूम. पडलं की कोपराचं कातडं मैदानावर राहायचं.

खेळणं थांबल्यावर मी वायरमन झालो आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवू लागलो. स्टॉपरनं एक मोठा जनरेटर आणि पाण्याचे टँकर घेतले. स्पर्धा असली की त्याचा जनरेटर गोलाच्या मागं धडधडत उभा असायचा आणि सकाळी त्याचाच टँकर धूळ बसवायला यायचा. वारा पूर्वेचा असला की सगळा धूर गोलात. एका सामन्यात आमचा गोलकीपर खोकता खोकता वाकला आणि तेवढ्यात बॉल आत गेला. तो उठला तो सरळ जनरेटर चालवणाऱ्या स्टॉपरच्या माणसाच्या अंगावर धावला. त्या दिवशी दोघांची डोकी फुटली.

त्यानंतर मैदानाच्या कमिटीनं ठरवलं, की हा धूर बंद करायचा. आमचे पाळकसाहेब कमिटीचे अध्यक्ष. प्रेक्षकांच्या स्टँडवरच्या पत्र्यावर सोलर पॅनल, विहिरीवर सोलर पंप, खांबांवर बॅटरीवरचे दिवे. मिशनच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी सामान दिलं, बसवायचं काम माझ्याकडं आलं.

चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली, तेव्हा स्टॉपर मागच्या बाकावर बसला होता. तो उभा राहिला.

"आन् माझ्या जनरेटरचं काय?"

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या आधी बोललो.

"भंगारवाल्याला बोलव."

हॉल हसला. मीही हसलो. तो खाली बसला नाही, तसाच दारातून निघून गेला.

आठ दिवसांनी विहिरीपासून मैदानापर्यंत आम्ही नवा पाइप टाकला. चर अजून बुजवायचा होता. सकाळी स्टॉपर भरलेला टँकर घेऊन आला आणि पाइपावरून घातला. पाइप फुटल्याचा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं. दार उघडून मी त्याला केबिनमधून खाली ओढलं. त्यानं माझे केस धरले आणि माझं कपाळ टँकरच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. आम्ही चिखलात लोळत होतो, तेव्हा पाळकसाहेब मधे पडले. त्यांचा पांढरा सदरा माझ्या रक्तानं भरला.

"एका संघात खेळलात ना रे तुम्ही?" ते ओरडले. "एकाच संघात!"

पॅनल चढले. दोनच दिवसांत चार फुटले. दगडानं. काच अशी तडकली होती, की जणू कोळ्याचं जाळं. कुणी पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता. मी पुराव्याची वाट बघितली नाही. गाडीतली लोखंडी टॉमी घेतली आणि न्हावऱ्याला गेलो.

तो उसात होता, हातात कोयता. मला बघून तो सरीतून बाहेर आला. दोघांत चार पावलांचं अंतर. मी म्हणालो, "पॅनल तूच फोडलेस."

"फोडले आसतील. काय करनार?"

मी टॉमी वर उचलली. त्यानं कोयता खाली ठेवला नाही. त्याची बायको बांधावरून पळत आली आणि थेट मधे उभी राहिली, माझ्याकडं तोंड करून. तिचा श्वास फुलला होता.

"भाऊजी, ती टॉमी खाली ठिवा," ती म्हणाली. "आमी तुमच्या पोरीच्या लग्नात जेवलोय. ठिवा खाली."

मी ठेवली. पण मनातून ती खाली गेली नव्हती, हे मला आज कळतं.

फुटलेले पॅनल बदलले. त्या वर्षीच्या स्पर्धेचा अंतिम सामना दौंडच्या संघाबरोबर होता, रविवारी दुपारी. दौंडची पोरं रेल्वे वसाहतीतली, अंगानं दणकट. पहिल्या हाफलाच कोपरं आणि लाथा सुरू झाल्या. दुसऱ्या हाफमध्ये आमचा एक गोल पंचांनी ऑफसाइड दिला. आमच्या सेंटर फॉरवर्डनं पंचांच्या छातीत ढुशी मारली. दौंडच्या एकानं त्याच्या जबड्यावर ठोसा दिला आणि मग स्टँड रिकामा होऊन सगळा मैदानात ओतला. खुर्च्या उडाल्या. कॉर्नरच्या झेंड्याची काठी कुणीतरी उपटली आणि पंचांच्या डोक्यात घातली. मी पंचांना ओढून बाहेर काढत होतो. माझ्या पाठीत कुणाचे तरी बूट बसत होते.

तेवढ्यात वर लक्ष गेलं. स्टँडच्या पत्र्यावर स्टॉपर चालत होता. हातात कोयता.

पंचांना तिथंच सोडून मी मागच्या लोखंडी शिडीनं वर चढलो. सगळ्या पॅनलच्या वायरी एकत्र होऊन एका जाड पाइपातून खाली उतरत होत्या. तो त्या पाइपाशी गुडघे टेकून बसला होता. डाव्या हातानं पाइप धरलेला.

"पुढं येऊ नको, किपर," तो म्हणाला. "खालचा मेन स्विच पाडून आलोय. शॉक लागून घ्यायला मी काय येडा न्हाई."

त्याला ठाऊक होता तो फक्त जनरेटर. जनरेटर बंद केला की वायर मरते. सोलरचं तसं नसतं. खालचा स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच असते. आणि ती दुपारी तीनची वेळ होती, पत्र्यावर पाय ठरत नव्हता असं ऊन. हे मला पाठ होतं. पॅनल चढवताना हाताखालच्या पोरांना मी हेच बजावलं होतं.

त्यानं कोयता उचलला.

थांब, एवढा एक शब्द म्हणायला माझ्याकडं वेळ होता. तोंड उघडलंही होतं. मला चिखलातलं माझं रक्त दिसलं, फुटलेल्या काचा दिसल्या, आणि मी तोंड मिटलं.

कोयता पाइपात घुसला. पांढरा निळा जाळ उसळला आणि वेल्डिंगसारखा चर्रर्र आवाज होत राहिला, थांबेचना. कोयत्याचं पातं वितळताना मी पाहिलं. तो मागं फेकला गेला, बाही पेटलेली, आणि असा ओरडला, की खालची मारामारी थांबली. खरंच थांबली. शेकडो माणसं वर बघत उभी राहिली.

मग माझे हातपाय हलले. मी त्याची कॉलर धरून त्याला वायरीपासून ओढलं, हातांनीच बाही विझवली. माझे तळवे भाजले. त्याच्या भुवया जळाल्या होत्या आणि डाव्या हाताकडं बघवत नव्हतं.

"काय झालं, किपर?" तो विचारत होता. "स्विच पाडला व्हता की मी."

खाली उतरवल्यावर दौंडच्याच पोरांनी त्याला त्यांच्या टेम्पोत घातलं. ज्याच्या ओठातून रक्त गळत होतं, तो त्यांचा कॅप्टन वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. शिरूरहून त्याला पुण्याला हलवलं. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

गावात मी शूर झालो. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की आपल्यातल्या एकानं स्वतःचे हात भाजून वैऱ्याचा जीव वाचवला. सगळे मागं वळून माझ्याकडं बघत होते. हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळं मला चेहराही झाकता येईना.

उपासना संपल्यावर मी त्यांना चर्चच्या खोलीत गाठलं आणि खरं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे मला सांगून भागणार नाही," ते म्हणाले.

स्टॉपर पुण्याहून घरी आल्यावर मी न्हावऱ्याला गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि हात जोडले, "तुमी व्हता म्हनून."

"मला माहीत होतं," मी त्याला म्हणालो. "वायर चालू होती. मी बोललो नाही."

त्यानं कप बाजूला ठेवला. "किती येळ व्हता तुझ्याकडं?"

"एक शब्द बोलायला पुरेल एवढा."

तो उठला. उजव्या हाताची मूठ माझ्या जबड्यावर बसली. मी पडलो, उठलो. त्यानं परत मारलं. हात मी खालीच ठेवले. दोन दात तोंडात आले, ते मी थुंकले. तिसऱ्यांदा त्यानं मूठ उगारली आणि तशीच सोडून दिली. तो रडत होता की धापा टाकत होता, मला सांगता येणार नाही. त्याची बायको दारात उभी होती. ह्यावेळी ती मधे आली नाही.

"जा आता," तो म्हणाला. "आन् परत येऊ नको."

पोलिसांपुढं मी तेच सगळं सांगितलं. हवालदारानं पेन खाली ठेवून विचारलं, "न बोलल्याचा गुन्हा कुठल्या कलमात बसवू, मास्तर?" कमिटीनं स्टॉपरविरुद्धची तक्रार मागं घेतली. त्यानं माझ्याविरुद्ध केलीच नाही.

मैदान आता हिरवं आहे. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा कसलाही आवाज नसतो, फक्त पोरांचा आणि बॉलचा. गोलात धूर नाही. वायरींचा पाइप मी भिंतीच्या आतून नेला आहे, आणि वर जायच्या शिडीला जाळीचं दार आणि कुलूप आहे. पोरं पडली की हिरवी होऊन उठतात. मला ते बघून बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते.

गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या मैदानाचं सोलरचं काम मला मिळालं. रोज न्हावऱ्यावरून जायचो. त्याच्या विहिरीवरही सोलर पंप बसला होता, दुसऱ्या कुठल्यातरी वायरमननं बसवलेला. एका सकाळी तो पॅनलवर पाणी मारून धूळ धुताना दिसला. उरलेल्या तीन बोटांत नळी नीट धरली होती. माझी गाडी त्यानं ओळखली. हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. मीही थांबलो नाही. पुढं रस्त्याकडेच्या एका टपरीवर पाणी प्यायलो आणि दौंडला कामावर गेलो.