जाऊबाईंचा कंगवा

आमच्या जाऊबाईंनी आयुष्यात दोघींचेच केस विंचरले. एक मी आणि दुसरी त्यांची मांजर. मला त्यांनी रडवलं. मांजरीला कधीच नाही.

लग्न होऊन मी कोलकात्याला आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि माझे केस कमरेखाली होते. आम्हा दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, खिदिरपूरच्या गोदीत कारकून. ते कामावर गेले की जाऊबाई पाट मांडून म्हणत, "बस पुढ्यात." कंगवा टाळूवर रोवायच्या आणि एका दमात खाली ओढायच्या. गुंता सुटायचा नाही, तुटायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायच्या, "रडायचं तर आवाज न करता रड. खाली बंगाली राहतात. त्यांना वाटेल, मराठी लोक सुनेला मारतात." मारतच होत्या. फक्त हातात कंगवा होता.

त्या मॅट्रिक होत्या, मी चौथी. हे त्या कोणालाही सांगत. दूधवाल्यालाही. माझ्या हातून आमटी खारट झाली की म्हणत, "चौथीच्या पुस्तकात मिठाचा धडा नव्हता वाटतं." घरी आलेले पाहुणे हसत. मीही हसत असे, कारण न हसून जाणार कुठे?

दोघींना मूल झालं नाही. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले. मग कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. लोकांना वाटायचं, किती प्रेमाने राहतात. प्रेम कसलं? पंख्याचा वेग किती ठेवायचा यावरून आम्ही आठ-आठ दिवस बोलत नसू.

तेव्हा मांजर आली. खालच्या मजल्यावरची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला निघाली आणि आपली पांढरी पर्शियन मांजर जाऊबाईंच्या मांडीवर ठेवून गेली. नाव मिष्टी. चपटं तोंड, सदा पाणावलेले डोळे आणि केस इतके की आत मांजर केवढीशी आहे ते कळू नये. इथल्या दमट हवेत त्या केसांचे दोन दिवसांत गोळे होत. कानामागे, काखेत, पोटाखाली.

रोज सकाळी दहाला जाऊबाई व्हरांड्यात बसत. मांडीवर जुना टॉवेल, त्यावर मिष्टी. गुंता दिसला की त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाकून बोटांनी चोळायच्या. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत केसांची मुळं घट्ट धरायच्या, म्हणजे कातडी ताणली जात नाही, आणि उजव्या हाताने अगदी टोकापासून विंचरत वर यायच्या. एका गोळ्याला अर्धा तास लागला तरी चालेल. मांजर डोळे मिटून पडून असे.

मी एकदा विचारलं, "हे असं हळू विंचरता येत होतं तुम्हाला?"

"येत होतं की."

"मग माझ्या वेळी?"

"हिला सांगून कळत नाही, म्हणून हिला हळू धरायचं. तुला सांगून कळत होतं."

निघालेल्या केसांचा त्या गोळा करत, त्यावर तीनदा थू थू करत आणि मग कचऱ्यात टाकत. आपल्याकडे बायका स्वतःच्या केसांचं करतात तसंच. मी म्हटलं, "मांजरीला कोण नजर लावणार आहे?"

त्या म्हणाल्या, "तू."

खोटं बोलल्या नाहीत. मला ती मांजर बघवत नसे. तिच्यासाठी मासे मी आणायचे, मी उकडायचे, काटे मी काढायचे, कारण जाऊबाई माशाला हात लावत नसत. मांजर मात्र खाऊन त्यांच्या मांडीवर जायची.

जाऊबाईंना जगात एकाच गोष्टीची भीती होती. त्यांच्या वडिलांची आत्या लहानपणी विधवा झालेली. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येई आणि तिचं डोकं भादरून जाई. ते आठवलं की जाऊबाई स्वतःचा अंबाडा चाचपत. नवरा गेला त्या दिवशी त्या रडण्याआधी एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या केसांना कोणी हात लावायचा नाही." आता कोण लावतं? पण भीतीला वर्षं कळत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून मला बजावलं, "मिष्टीला रोज विंचर. गुंता असताना पाणी लावायचं नाही. आणि कात्री तर हातातही घ्यायची नाहीस."

मी विंचरलं नाही. जमलं नाही असं सांगता येईल, पण तसं नव्हतं. मनात आलं, घरात आता मी आणि ही. बघू किती दिवस पांढरी राहते. बारा दिवस गेले. मांजरीच्या काखेत असे गोळे झाले की ती लंगडायला लागली. उद्या जाऊबाई घरी येणार म्हटल्यावर मात्र मी घाबरले. तिला बालदीत धरून शाम्पूने धुतलं. सगळे गोळे वाळून नमद्यासारखे घट्ट झाले. मग कात्री घेतली. गोळा वर उचलला आणि कापला. त्याच्याबरोबर कातडी वर आली होती, ते मला दिसलं नाही. मांजर जशी ओरडली तसं माणूस ओरडलेलंही मी कधी ऐकलं नाही.

गुरांच्या डॉक्टरने चार टाके घातले आणि यंत्र फिरवून तिचं सगळं अंग भादरलं. तोंड आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला. इथल्या रीतीने मला मावशी करून म्हणाला, "माशिमा, कंगवा खाली घालून वरून कापायचं असतं. आणि तेही आपण नाही, आम्ही."

जाऊबाईंना आणून पलंगावर ठेवलं. मिष्टी उडी मारून त्यांच्यापाशी गेली. गुलाबी, सुरकुतलेली, टाक्यांची. जाऊबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते, आता चौथीवर येतील. त्या म्हणाल्या, "आत्या दिसते." मग माझ्याकडे न बघता, "मी तुला रडवलं. कापलं कधी नाही."

त्यानंतर त्या बोलायच्याच थांबल्या. पडताना खांदाही दुखावला होता, हात वर जात नव्हता, आणि मला डोक्याला हात लावू देईनात. तीन आठवडे उशीवर डोकं घासून त्यांच्याच केसांची जट झाली. एका सकाळी त्यांना पुसायला येणारी आया कात्री घेऊन उभी राहिली. "माशिमा, जट पोडे गेछे. केटे दिइ?" कापून टाकू का, असं मला विचारत होती. जाऊबाईंना बंगाली माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून त्यांना काहीतरी हवं होतं. नको, एवढंच म्हणायचं होतं मला.

मी म्हटलं, "उद्या बघू."

तो दिवसभर त्या डोकं उशीत दाबून पडून होत्या. हात वर जात नव्हता, म्हणून डोकंच लपवलं. कोणी दाराशी आलं की अंग ताठ व्हायचं. मला ते दिसत होतं. मी समोर खुर्ची टाकून चहा प्याले.

दुसऱ्या दिवशी आयाला सांगितलं, कात्री ठेव. कंगवा आणि कॉर्नफ्लॉवरचा डबा घेऊन त्यांच्या उशाशी बसले.

"विंचर म्हणा," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या नाहीत. मी कंगवा टाळूवर टेकवला, त्या टेकवत तसा. त्यांनी डोळे घट्ट मिटले. तसाच क्षणभर ठेवला.

"टोकाकडून," त्या म्हणाल्या.

मग मी टोकाकडून सुरुवात केली. मुळं दोन बोटांत धरून. दोन दुपारी गेल्या आणि डावी बाजू मोकळी झाली. दुसऱ्या दुपारी उठताना मला वाटलं त्या झोपल्या आहेत. डोळे न उघडता म्हणाल्या, "आज पाचवीत गेलीस."

तिसऱ्या दिवशी सकाळी आया चहा घेऊन गेली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. बंगाली शेजारणी आंघोळ घालायला आल्या. एकजण उजव्या बाजूची जट बघून म्हणाली, कापूया, चांगलं दिसत नाही. मी तिला खोलीबाहेर काढलं. खाली गाडी उभी होती, वर लोक घड्याळ बघत होते. मी तासभर विंचरलं. मेलेल्या माणसाला काय दुखणार, पण मुळं धरूनच विंचरलं. तरी कानामागचा एक गोळा राहिला. त्यावर पदर ओढला आणि त्यांना जाऊ दिलं.

मिष्टीचे केस परत आले आहेत. टाक्यांच्या जागी मात्र येत नाहीत. रोज दहाला मी तिला व्हरांड्यात घेऊन बसते. ती मला चावते. मी विंचरते, गोळा करते आणि कचऱ्यात टाकण्याआधी तीनदा थू थू करते. नजर लावणारी घरात आता मी एकटीच आहे.