दाणा शिजेपर्यंत

मालोजी गेल्याचं सांगायला पारू, त्याच्या धाकट्या भावाची विधवा, सकाळीच आमच्या दारात आली. "दादा गेले," एवढंच म्हणाली. आदल्या दिवशीच मी त्याला जेवू घालून आलो होतो... जेवू घालून म्हणतो खरा, पण तो जेवला नव्हता. त्याला आता महिना होईल.

मालोजी आणि मी एकाच पागेतले. स्वारीवर असताना आमच्या पाच-सहा जणांची एकच हंडी असे आणि तिचा मालक तो. तलवारीत बेताचाच होता, हे माघारी सांगायला हरकत नाही. मी तोंडावरही सांगत असे. पण बाजरी-कोंबडी त्याच्यासारखी अख्ख्या लष्करात कुणाला जमली नाही. मिळेल त्या गावातून उखळ मागून आणायचा, बाजरीला पाण्याचा हात लावून हलकेच सडायचा आणि कोंडा पाखडून टाकायचा. मग कोंबडी, लसूण, मिरची, मीठ, सगळं एकाच हंडीत. नियम एकच होता. दाणा दोन बोटांत चिरडून पाहिल्याखेरीज हंडी उतरवायची नाही. कुणी घाई केली की म्हणायचा, "कच्चंच खायाचं तर घोड्याच्या तोबऱ्यात तोंड घाल की."

धाकटा भाऊ धोंडजीही आमच्याच पथकात होता. एका संध्याकाळी नदीकाठी हंडी चढलेली, धोंडजी विस्तवापाशी बसलेला आणि तळ हलवायचा हुकूम आला. गनीम जवळ येऊन ठेपला होता. मालोजी घोड्यांना पाण्यावर घेऊन गेला होता, तिथून त्यानं मला पिटाळलं, "धोंड्याला सांग, हंडी हाय तशी लवंडून दे आन् नीघ." दोन दिवस माझ्या पोटात मूठभर चण्यांखेरीज काही गेलं नव्हतं. हंडीवरचं झाकण उचललं, वास आला... आणि मी धोंडजीला म्हणालो, "दादा म्हनतोय, शिजली की घिऊन ये. आमी म्होरं होतो." मालोजीचा नियम त्याला ठाऊक होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. तो थांबला. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा हंडीशेजारीच पडला होता. बाजरी करपून कोळसा झाली होती.

मालोजीला वाटलं, निरोप मिळूनही भाऊ नियमापायी थांबला. "म्याच शिकवलं त्याला," असं म्हणायचा. पुन्हा त्यानं ती हंडी कधी चढवली नाही. पुण्यात कसब्यातल्या दोन खोल्यांत पारूला सांभाळत त्यानं वीस वर्षं काढली. मी रोज संध्याकाळी जात असे, त्याच्याबरोबर मुठेकाठी बसत असे आणि गप्प राहत असे. मला त्याची दोस्ती गमवायची नव्हती. दुसरं काही कारण नाही, आणि असतं तरी ते सांगायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात त्याचं अन्न तुटलं. एक दिवस म्हणाला, "बाजरी खावीशी वाटतीया... कोंबडी घालून." मीच मांजरी गावाहून बाजरी आणली, सडली आणि दुपारभर त्याच्या चुलीपुढे बसलो. पारू शेजारी गेली होती. ताट पुढे ठेवलं तेव्हा त्यानं आधी एक दाणा बोटांत चिरडून पाहिला, मान हलवली आणि घास उचलला. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "पारूला सांगू नगंस. माझ्यामागं तिला तुझ्याबिगर कोन हाय?" आणि त्यानं कूस बदलली. त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही.

तेरावं उरकल्यावर पारू आमच्याकडे राहायला आली. ती आणि माझी बायको एका चुलीवर रांधतात. परवा तिनं बाजरी-कोंबडी केली. पहिलं ताट माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "भाऊजी, दादांचं तुमी लई केलंत." मी जेवलो. तिनं पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. हे सगळं मी कागदावर उतरवू शकतो, कारण पारूला वाचता येत नाही.