टीव्हीतला मामा आणि फुटलेली पाटी

समस्त वाचक बंधू-भगिनींना अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मौजे केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना येथील विहाराच्या सभागृहात, शंभरेक माणसांच्या डोळ्यांदेखत, माझ्या मायने टीव्हीतल्या माणसाला दम भरला. आणि टीव्हीतल्या माणसाने तो ऐकला.

हसून घ्या. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

भोकरदनला माझा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं लग्नांची शूटिंग आणि एडिटिंग करतोय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, कारण या भागातली निम्मी भुतं माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. एक पाहुणे अल्बम घेऊन थरथरत आले होते — नवरीच्या मागे पांढरी बाई उभी! मोठं करून दाखवलं... मंडपाची झालर निघाली. कॅमेऱ्यात जे शिरतं तेच बाहेर येतं, आणि एकदा रेकॉर्ड झालेला माणूस कोणाचंही ऐकत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव. तो त्या रविवारपर्यंत टिकला.

टीव्हीतला तो माणूस म्हणजे माझा सख्खा मामा, सुखदेव. लेखक. नाव मोठं झालं तरी त्याने एक रीत सोडली नव्हती. नवं लिखाण छापायला देण्याआधी तो गावात यायचा आणि विहारात बसून सगळ्यांना वाचून दाखवायचा. गाव काय मुकाट ऐकणार? मधेच कोणीतरी उठायचं, “सुखदेव, तो बैल काळा नव्हता, तांबडा होता.” मामा पेन काढून तिथंच बैलाचा रंग बदलायचा.

आत्मचरित्रातलं एकच प्रकरण त्याने गावात वाचलं नाही. माझ्या मायवरचं.

माय त्याची मोठी बहीण. चौथीनंतर घरातल्या एकालाच पुढच्या शाळेत धाडता येणार होतं. धाडलं मामाला. त्याबद्दल मामाने पुस्तकात लिहिलं — ‘आक्काने हसत हसत आपली पाटी माझ्या हाती दिली.’

पुस्तक गाजलं. जालन्याच्या कॉलेजातल्या मुली येऊन मायच्या पाया पडायला लागल्या. एकीने तर ‘त्यागमूर्ती’ म्हणून शाल आणली. शाल मायने ठेवून घेतली, पण मुली गेल्यावर तिचा जो स्फोट झाला!

“हसत? म्या? पाटी त्याच्या हातात न्हाई, डोक्यात दिल्ती! दोन तुकडे झाल्ते! मला शिकायचं व्हतं रे. रडून, वरडून, पाटी फोडून सुटली माझी शाळा. आन् ह्यो लिहितो, हसत हसत! चारचौघांत खरं सांगंल, तवाच तोंड उघडीन त्याच्याशी.”

बारा वर्षं. मामा दिवाळीला यायचा, माय ताटात वाढायची, पण बोलायची भिंतीशी. “आणखी भाकर पायजेल का, इचार त्याला.” भिंत बिचारी काय विचारणार? मीच विचारायचो.

मग मामाचा आजार निघाला. संभाजीनगरच्या हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. घरी येऊन मायला सांगितलं. ती तूरडाळ निवडत होती. निवडून झालेली डाळ तिने पुन्हा सुपात ओतली आणि पुन्हा निवडली. मी म्हणालो, “चल ना गं भेटायला.”

“शर्त म्हाईत हाय त्याला.”

अशात एका चॅनेलने हॉस्पिटलच्या खोलीत मामाची मुलाखत घेतली. नीट लक्षात ठेवा, रेकॉर्ड करून घेतली. आणि दाखवली एकोणीस दिवसांनी, त्या रविवारी. गावाने ठरवलं, आपण सगळ्यांनी मिळून बघायची. मी प्रोजेक्टर नेला, पडदा बांधला. शिवाय एका कोपऱ्यात माझा कॅमेरा लावून गावाकडे तोंड करून चालू ठेवला — गाव कसं बघत होतं ते मामाला दाखवू म्हणून. हा कॅमेराही लक्षात असू द्या.

माय अर्थातच येणार नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना आली. “माझी सतरंजी न्याया आले,” म्हणाली आणि दाराशी उभी राहिली. सतरंजीवर तीस माणसं बसली होती.

पडद्यावर मामा आला. वाळून निम्मा झालेला, डोक्यावर लोकरी टोपी. पण डोळे तेच, खोडकर. मागून किसनबापू ओरडले, “आवाज वाढव रे, ऐकू येऊन न्हाई राह्यलं!”

मामा घसा खाकरून म्हणाला, “येतंय का मागं ऐकू?”

हशा झाला. हे काही विशेष नाही, भाषणं देणाऱ्या माणसाला सवयच असते. मीही हसलो.

मुलाखत घेणारी मुलगी गुणी होती. विचारत विचारत बालपणावर आली आणि तिने पुस्तक उघडून ते वाक्य वाचलं. “सर, ताईंनी हसत हसत पाटी दिली... आज त्यांच्याबद्दल काय वाटतं?”

मामाने तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून तोफ उडाली.

“खोटं हाय! हसत न्हाई दिली! पाटीचं सांग, सुख्या! खरं सांग!”

सगळं सभागृह वळून मायकडे बघायला लागलं. मी मात्र पडद्याकडे बघत होतो, म्हणून सांगू शकतो. मामा थांबला. त्याने मान वळवली — त्या मुलीकडे नव्हे, दुसऱ्याच बाजूला, जिथे नुसती भिंत होती. कानामागे हात धरला. पूर्ण ऐकून घेतलं. आणि म्हणाला,

“सांगतो, सांगतो. तू बस खाली आधी, गुडघा दुखंल.”

माय मटकन खाली बसली.

“काही म्हणालात सर?” मुलीने विचारलं.

“तुम्हाला न्हाई. घरचं माणूस हाय.” मग तो खळखळून हसला. “बाई, ते वाक्य खोटं हाय. गावात वाचलं असतं तर तिथंच खोडलं असतं गावानं, म्हणून वाचलंच न्हाई. भ्यालो. माझ्या आक्काला शिकायचं व्हतं, माझ्यापेक्षा हुशार व्हती ती. तिनं पाटी दिली न्हाई मला. घातली डोक्यात! केस व्हते तवर झाकलं. आता औषधानं केस गेले आन् पुरावा उघडा पडला. हे बघा.”

त्याने टोपी काढली आणि गुळगुळीत डोक्यावर उजव्या बाजूला बोट फिरवायला लागला. खूण काही सापडेना.

“डावीकडं रे!” माय खालूनच ओरडली. “मला इचार ना, म्या मारली!”

“हां, डावीकडं. बराबर,” मामा म्हणाला आणि बोट डावीकडे नेलं. कानाच्या वर, बोटभर लांबीची पांढरी रेघ. दुरूनही स्पष्ट दिसत होती.

काय सांगू मंडळी! शिट्ट्या, टाळ्या. किसनबापू उभे राहून शेजाऱ्याच्या पाठीत धपाधप मारत होते, “बघितलं का! बघितलं का!” माय पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती. बारा वर्षांनी का होईना, हसत.

नंतर कळलं की महाराष्ट्रभर लोक नेमके त्याच जागी रडले. मोबाईलवर खालच्या कॉमेंट वाचल्या. सगळ्यांना वाटलं, औषधांच्या गुंगीत म्हातारा भिंतीशी बोलतोय... किती करुण! बिचाऱ्यांना काय माहीत, त्या भिंतीच्या जागी आमची माय उभी होती.

आता माझी तपासणी. चॅनेलचा कॅमेरामन माझ्या ओळखीचा निघाला. त्याच्याकडून मुलाखतीचं न कापलेलं रेकॉर्डिंग मिळवलं. हेडफोन लावून वीस वेळा ऐकलं. एसीची घरघर आणि बाहेर कोणाच्या तरी चपला, बस्स. मग माझ्या कॅमेऱ्यातला गावाचा व्हिडिओ काढला आणि दोन्ही एकाखाली एक लावून चालवले. मायचं वाक्य जिथे संपतं, तिथेच मामाचं सुरू होतं. एकदाही दोघं एकमेकांच्या बोलण्यात शिरलेले नाहीत. आमच्या घरात समोरासमोर बसूनही असं कधी घडलेलं नाही!

मान्य, मामा बहिणीला ओळखून होता. ती चिडणार, हे त्याने ताडलं असेल. पण ती उभी आहे हे? ‘डावीकडं’ हे? आणि ती तर दहा मिनिटं आधीपर्यंत येणारच नव्हती!

मामालाच विचारलं होतं मी. त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, त्या सकाळी तो झोपून होता असं सिस्टर सांगत होती.

“मामा, मुलाखतीच्या वेळी तुम्हाला नक्की काय ऐकू आलं?”

“अरे, मी गावाचं बोलून राह्यल्तो. मंग गाव मधे बोलणारच की.”

“पण डावीकडं कोण म्हणालं?”

“तुझ्या मायशिवाय कोणाला म्हाईत ते?”

त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी मामा गेला. त्या अकरा दिवसांत माय त्याच्या उशाशी होती आणि बारा वर्षांचं साचलेलं दोघं बोलून घेत होते. सिस्टर दोनदा रागावली, बाजूचे पेशंट झोपू शकत नाहीत म्हणून. ते प्रकरण त्याने तिच्यादेखत नव्याने सांगून मला लिहायला लावलं. पुढे विहारात ते मायनेच वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत. गावाने तिलाही सात ठिकाणी टोकलं.

पण मला सारखा आठवतो तो रविवारच. मुलाखत संपताच माय म्हणाली होती, “गाडी काढ.” वाटेत एका जनरल स्टोअरपुढे थांबवायला लावलं, आत जाऊन काहीतरी घेऊन आली आणि पदराखाली धरून बसली. विचारलं तर, “तुला काय करायचं?”

हॉस्पिटलच्या खोलीचं दार मी उघडलं. मामा पलंगावर टेकून बसला होता, टोपी उशाला. माय आत गेली, समोर उभी राहिली आणि पदराखालून कोरी करकरीत पाटी बाहेर काढली. साऱ्या महाराष्ट्रासमोर मरणाबद्दल शांतपणे बोललेला माझा मामा, दोन्ही हात टकलावर दाबून ओरडला,

“सिस्टर! टोपी! आधी माझी टोपी द्या!”