गोदूबाईने बुजवलेलं भोक

गोदूबाई माझी थोरली जाऊ. नवापूरला समुद्राकाठी आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही. ती तोंडाची फटकळ आणि मीही काही मुकी नाही. पण जाळं शिवावं तर गोदूबाईनेच, हे मी कुणासमोरही कबूल करेन. फाटलेलं जाळं अंगणात येऊन पडलं की तिला जेवण सुचायचं नाही. लग्नाला गेली तरी शेजारणीच्या पदराचं भोक तिला आधी दिसायचं आणि नवरी नंतर. भोक म्हणजे निसटलेला मासा, एवढंच तिला लहानपणापासून शिकवलेलं.

तिची मुलगी वत्सला. चौऱ्याऐंशी साली तिला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या गोळ्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला घेतलं. आमच्या आळीतून कारखान्यात गेलेली ती पहिलीच मुलगी. पहिला महिना ट्रायलचा. तो खाडा न करता भरला तर पुढे कायम, नाहीतर घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. शिरगावचं स्थळ सांगून आलेलं होतं आणि त्या घरच्या सुना डोक्यावर मासळीची टोपली घेऊन पालघरचा बाजार करायच्या.

"काकी, मना मावरं इकायला बसायचं नाय," वत्सला मला सांगायची. आईला सांगायची तिची छाती नव्हती.

कारखान्यात बंद बूट सक्तीचे. वत्सला वाळूत अनवाणी वाढलेली, तिला साधी चप्पलही जड व्हायची. त्यात दिवसभर उभं राहायचं. बूट चावला आणि आठवड्याच्या आत टाचेवर सुपारीएवढा फोड आला. तिथल्या दवाखान्यात केरळची एक सिस्टर होती. तिने कपाटातून जाडसर चिकटपट्टी काढली, एका बाजूने चिकट आणि दुसऱ्या बाजूने मखमलीसारखी मऊ. तिचा गोल तुकडा कापून मधोमध फोडाएवढं भोक पाडलं आणि फोड त्या भोकात राहील अशा बेताने ती टाचेला लावली. त्या संध्याकाळी पोरगी न लंगडता घरी आली. दुसऱ्या दिवसासाठी तशीच एक पट्टी कापून सिस्टरने कागदात गुंडाळून दिली होती.

सकाळी वत्सला आंघोळीला गेली तेव्हा गोदूबाईने तो कागद उघडला. मी अंगणात भांडी घासत होते. तिने पट्टी डोळ्यासमोर धरली आणि त्या भोकातून माझ्याकडे बघितलं.

"बघ गो, फाटकी पट्टी दिली पोरीला. जिथं दुकतंय तिथंच भोक हाय."

"असेल त्यांची काही रीत," मी म्हटलं.

"भोक ठेवायची कसली रीत?"

झालं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन तिने त्याच्या घड्या घातल्या, भोकाच्या मापाचा गोल कापला आणि बसवून बारीक टाक्यांनी शिवून टाकला. काम इतकं सुरेख की शिवण शोधावी लागली असती. मग वत्सलाला पायरीवर बसवून तिचा पाय मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हाताने पट्टी लावली. वत्सलाला आपली टाच दिसत नव्हती आणि एस.टी.ची वेळ झालेली. गोदूबाईने मुलीचे लाड केलेले मी तेवढेच पाहिले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सगळा दाब त्या लुगड्याच्या गोळ्यावर आणि गोळा फोडावर. दुपारच्या आत फोड फुटला, कापड जखमेत रुतलं. खाडा नको म्हणून पोरगी सुट्टीपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग कशीबशी दवाखान्यात गेली. घरी आली ती बूट हातात घेऊन. पुढे पू झाला, ताप चढला, पाय टेकवेना. बरी होऊन कामावर गेली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी मुलगी उभी होती.

"जूता नहीं पहन सकती, तो यहाँ क्या करेगी?" सुपरवायझर म्हणाला.

मार्गशीर्षात शिरगावला लग्न झालं.

इथपर्यंत नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण गोदूबाईने सोडलं नाही. एवढुशा फोडाला भिऊन नोकरी घालवली, हे तिने बारशाला सांगितलं, लग्नात सांगितलं, जावयाच्या तोंडावर सांगितलं. "माजं नशीब, पोरगी नाजूक निघाली." वत्सला मान खाली घालून हातातलं काम करत राहायची. मला तिचाच राग यायचा. एवढं ऐकून घेतं का कोणी?

त्र्याण्णव साली गोदूबाईच्या तळपायाला कुरूप झालं. मी तिला पालघरला डॉक्टरकडे नेलं. त्याने जाड मऊ कापडाची एक चकती काढली. मधोमध भोक.

"डॉक्टर, ही फाटकी हाय," गोदूबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. "आजी, भोक आहे म्हणून तर आराम पडेल. दाब कडेला जातो, दुखऱ्या जागेवर येत नाही."

"आनि बुजवलं तर?"

"तर मग दुखणं वाढेल."

तिने चकतीच्या भोकात बोट घातलं. "फोडाला पन आसंच?"

"फोडालाही असंच."

बाहेर आल्यावर ती एस.टी. स्टँडकडे न वळता मासळीबाजाराकडे चालू लागली. वत्सला बोंबिलांच्या टोपलीमागे बसली होती. गोदूबाई तिच्यासमोर उभी राहिली.

"तुज्या पट्टीचं भोक मी बुजवलं व्हतं."

"ठावं हाय."

"कदी कळलं?"

"त्याच दिशी. सिस्टरनं पट्टी सोडवली, इचारलं कोनी भरलं हे. मी बोलली, मीच."

गोदूबाई म्हणाली, "आनि इतकी वरसं माजं आयकून घेतलंस? एकदा तोंडावर बोलायचं."

वत्सलाने बोंबिलांवर पाणी शिंपडलं. "काय बोलू, आये? आख्ख्या गावात तुज्या हाताला कोन नाव ठेवत नाय. मी ठेवू?"

गोदूबाई तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि मुलीच्या टाचेवरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "लोकं बगतान," म्हणत वत्सलाने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

परतीच्या एस.टी.त गोदूबाई बोईसर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्यासारखी भांडकुदळ असती गो माजी पोरगी, तर माजं तोंड तरी तवाच बंद झालं असतं."