नाव कोरडी तोवर घर कोरडं

माझं लग्न नावेशी लागलं आणि नवरा तिच्याबरोबर आंदण आला, असं मी चिडले की म्हणायची. नवरा हसायचा. त्याला हसायचा कंटाळा नव्हता, बोलायचा होता.

भिगवणच्या खालच्या अंगाला भीमेच्या काठी आमची जोडनाव असे. दोन लांब नावा शेजारी शेजारी, आणि वरून बाभळीच्या फळ्यांचा रुंद पाट ठोकलेला. त्या पाटावर भरलेली गाडी बैलांसकट चढायची. पाटाच्या एका कडेला तट्ट्यांची खोली होती आणि तेच आमचं घर. सासू, सासरे, नवरा, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. जमीन वितभर नव्हती. कळसची, अंथुर्ण्याची माणसं गुळाच्या ढेपा घेऊन पलीकडे जायची, तिकडची माणसं रेल्वे गाठायला अलीकडे यायची. वारा मागून असला की नवरा ठिगळांचं शीड चढवायचा, नाहीतर बांबूनं रेटत न्यायचा. ही पन्नास सालानंतरची गोष्ट, धरणाच्या पुष्कळ आधीची. आता तो काठ, ती वाळू, सगळं धरणाच्या पाण्याखाली आहे.

पौषात लग्नं नसतात, बाजार थंड असतो आणि नदीही उतरलेली असते. म्हणून पौषात नाव बाहेर काढायची. आधी खोली मोडायची, मग पाट उचकटायचा, मग एकेक नाव गोल ओंडक्यांवरून चार बैल लावून काठावर ओढायची. एक नाव दगडांवर पालथी घालून तिच्याखाली आम्ही संसार मांडायचो आणि दुसरी दुरुस्तीला घ्यायचो. ती झाली की अदलाबदल. वर्षभर आम्ही नावेच्या डोक्यावर बसायचो, पौषात ती आमच्या डोक्यावर बसायची. खाली ताठ उभं राहता येत नसे. स्वयंपाक वाकून, केस विंचरणं वाकून, भांडणसुद्धा वाकूनच.

तेही चाललं असतं, पण त्या घराची एक रीत होती. सासूबाई म्हणायच्या, "नाव कोरडी तवर घर कोरडं." म्हणजे नाव काठावर असेपर्यंत नावेच्या घरातल्या माणसानं नदीत पाय घालायचा नाही. अंघोळीला नाही, धुण्याला नाही, ओलांडायला तर नाहीच. वाळूत झिरा खणायचा आणि त्यातलं वाटी-वाटी पाणी भरायचं. नदी दहा पावलांवर वाहतेय आणि आम्ही झिऱ्यातून पाणी काढतोय! थोडं खालच्या अंगाला उतार होता. तिथं कमरेएवढं पाणी असे. बाजारची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन तिथून बिनधास्त जायची. भरलेली गाडी मात्र वाळूत रुतायची, म्हणून नाव लागायचीच.

पहिल्या वर्षी मी सासूबाईंना रीत का पाळायची ते विचारलं होतं. बाईनं मोडली तर नदी तिच्या नवऱ्याला नेते; सासऱ्यांच्या चुलत्यानं स्वतःच ती मोडली आणि त्याला नदीनं नेलं, असं त्या म्हणाल्या. "त्यास्नी पवायला येत न्हवतं का?" मी विचारलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढीच विश्रांती.

मी सांगतेय त्या वर्षी सासूबाईंनी आणखी एक गोष्ट डोक्यात घेतली. माझी मुलगी अजून अंगावर प्यायची. चालायची, बोलायची, भाकरी खायची, पण जिथं असेल तिथून धावत येऊन माझा पदर उचलायची. सासूबाईंना ते बघवत नसे. "पोरगी पीत ऱ्हायली तर दुसरं व्हायचं कसं?" त्या म्हणायच्या. दुसरं म्हणजे मुलगा, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून मला लावायला लावला. पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं, माझ्याच पदरानं तो लेप पुसून काढला आणि पुन्हा चिकटली. मला हसू आवरेना.

माझं माहेर बरोबर समोर, पैलतीरावर. नदी उतरली की आई तिकडच्या वाळूत कलिंगडं लावायची. नाव काढायच्या आधीच्या शेवटच्या खेपेला सासूबाईंनी झोपलेली पोर उचलली आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवली. "आठ दिस ऱ्हाऊ द्या. आठ दिसांत पोरं समदं इसरत्यात." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नसावं. दुपारी बैल जुंपले आणि नाव काठावर आली.

हिवाळ्यात नदीवर आवाज लांबवर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुरप्यानं नावेच्या बुडाचं शेवाळ खरवडत होते आणि पलीकडून रडणं ऐकू आलं. पोरगी पाण्याच्या कडेला उभी होती, आईनं तिला दंडाला धरलं होतं. ती मला हाका मारत होती. माझा पान्हा फुटला, चोळी भिजली. छातीवर फडकं घट्ट आवळून बांधलं होतं तरी भिजली. अंग ठणकत होतं, ताप भरला होता. सासूबाईंनी शेकायला विटेचा तुकडा तापवून दिला. त्या दुष्ट नव्हत्या, हेही लिहायला पाहिजे, म्हणजे मग राग कुणावर काढायचा हा प्रश्न उरतोच.

आठ दिवसांत नाव पाण्यात गेली असती तर मी काहीच म्हणाले नसते. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिली नाव झाली, अदलाबदल झाली, आणि दुसरीच्या बुडाची फळी कुजलेली निघाली. इंदापूरचा सुतार उसाच्या गाड्यांच्या चाकांत गुंतलेला. तो आला, फळी बसली, आम्ही सांध्यासांध्यातून ताग ठासला. मग बारामतीहून आणलेलं करडईचं तेल राळ घालून कढवलं आणि नावेला चोपडलं. ते तेल सुकेना. थंडी अशी पडली होती की रात्रभर दव आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत धुकं. सासरे रोज दुपारी येऊन नावेच्या अंगावर अंगठा दाबायचे, उचलून बघायचे आणि म्हणायचे, "आजून चिकाट हाय."

माझा सगळा जीव त्या अंगठ्यात अडकला होता. ते जेवायला बसले की मी चोरून माझा अंगठा दाबून बघायची. वाटायचं, बायकांच्या अंगठ्याला तरी कोरडं लागेल. नाही लागायचं. मग पालथ्या नावेखाली येऊन बसायची आणि दाभण-सुतळी घेऊन शीड शिवायची. तिथून पैलतीर सरळ दिसायचं. वर नावेचं काळं बूड, तिन्ही बाजूंना दगड, आणि पुढच्या फटीतून तेवढा नदीचा पट्टा. कोंडलेल्या शेळीला कुडातून शेत दिसावं तसं.

आईशी ओरडून बोलणं व्हायचं.

"खाती का?"

"खाती गं! दूध-भाकर खाती!"

"रडती का?"

"न्हाय! आता न्हाय रडत!"

मला आनंद व्हायला हवा होता. मी आत येऊन सुतळीची गाठ सोडवत बसले, ती शेवटपर्यंत सुटली नाही. पोर रडत होती तेव्हा मला वाटायचं, रडायची थांबावी. थांबली तेव्हा वाटलं, आता मला तिच्यात जागा उरली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं हे आईपण.

मग एकाएकी त्या दोघी काठावर यायच्याच बंद झाल्या. कलिंगडांच्या वाडीत माझा भाऊ एकटाच वेलांना पाणी घालताना दिसायचा. हाक मारली तर हात हलवायचा, बोलायचा नाही. मी उतारावरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारत सुटले. अंथुर्ण्याची एक वांगी विकणारी बाई म्हणाली, "कुणाच्यातरी पोरीला लई खोकला हाय म्हणं तिकडं. तुझ्याच का ते मला काय ठावं न्हाय, बाय."

त्या दुपारी माणसं पाटाच्या फळ्यांसाठी राळ कढवण्यात गुंतली होती. मी झिऱ्यावर जाते म्हणाले आणि कळशी वाळूत ठेवून तशीच उताराकडे गेले. लुगडं वर खोचलं. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडे दिसत होते. मी नावाड्याच्या जातीत जन्मले, चालायच्या आधी पोहायला शिकले. कमरेएवढ्या पाण्याचं मला काय? तेवढ्यात पलीकडून आई वेलांमधून पळत येताना दिसली. कडेवर पोरगी. धडधाकट होती. आईच्या जुन्या लुगड्याचं परकर-पोलकं घातलेलं होतं, गाल वर आले होते. तिनं मला अजून पाहिलं नव्हतं. मी पाय उचलला.

"थांब!" आई ओरडली. "पाय घालू नगंस!"

"मला पोरगी बघायची हाय!"

"बघ की! ही बघ, बरी हाय! हितनंच बघ!"

"खोकला हाय म्हणं?"

"तिला न्हाय, ती शेजारची. आगं, नाव कोरडी हाय तुझी! कुकवाचा तरी इचार कर!" आणि मग जरा खालच्या आवाजात, पण नदीवर सगळं ऐकू येतं, "तुझ्या सासूबाईंनी सांगावा धाडलाय, काठाला आणू नगा म्हणून. तुला बघितलं की पोरगी दिसभर खात न्हाय. जा माघारी, शानी हायस न्हवं?"

असं म्हणून आईनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला, तिला मी दिसू नये म्हणून, आणि पाठ फिरवून ती वाडीत गेली.

सासूचा राग मला रोजचा होता. तो भाकरीबरोबर खाल्ला जायचा. पण आईची ती पाठ मला खाली गेली नाही. लग्न झाल्यापासून समोरचा काठ माझा आहे, या एका समजुतीवर मी या काठावर दिवस काढले होते. आणि तिकडंही हेच होतं. तीच रीत, तोच सांगावा, दोघींचं आधीच ठरलेलं. मी पाय खाली ठेवला तो वाळूतच. आजही मला लोक विचारतात, मग गेली का नाहीस? त्या चुलत्याच्या गोष्टीला हसणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं. त्या वर्षी नवऱ्याला पाण्यात काही झालं असतं तर जन्मभर तो दोष माझ्या पायाला लागला असता. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि सासूबाईंना तर होतंच.

मागं वळले तर नवरा उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. हाताला राळ लागलेली.

"त्याल सुकंना," तो म्हणाला. एवढंच. मला त्याचा संताप आला. रडूही आलं. मी कळशी उचलली आणि त्याच्यापुढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता कालव्याकडच्या उसाच्या फडात गेला आणि गाडीभर पाचट घेऊन आला. नावेच्या दोन्ही अंगांना लांबावर त्यानं ते पेटवलं आणि दिवसभर आगीपाशी बसून राहिला. ज्वाळा वर गेली की ओली वाळू टाकायची, विझायला आली की पाचट सारायचं. कढवलेल्या तेलाची नाव आणि शेजारी विस्तव! सासरे काठी घेऊन धावले.

"नाव जाळतोस का, भाड्या?"

"जळाली तर जळाली," नवरा म्हणाला. "बसून तरी किती दिस ऱ्हायचं, तात्या?"

त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही. सासरे थोड्या वेळानं स्वतःच वाळूची पाटी घेऊन पलीकडच्या अंगाला बसले. मी शीड तिथंच टाकलं आणि पाचट सारायला गेले. धुरानं डोळे सुजले, पण त्या दिवशी पहिल्यांदा ताठ उभी होते. दोन दिवस असं केलं. तिसऱ्या दुपारी सासऱ्यांनी अंगठा दाबला, उचलला, पुन्हा दाबला, आणि धोतराला पुसायला गेले, तर पुसायला काही नव्हतंच.

दोन्ही नावा पाण्यात गेल्या, पाट चढला, तट्टे उभे राहिले. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. पहिल्या खेपेला एक भरलेली गाडी आणि आम्ही सगळे. मी पाटाच्या अगदी पुढच्या फळीवर उभी होते. वारा मागून होता, माझ्या हातचं ठिगळ लागलेलं शीड फुगलं होतं, आणि तरी मला वाटत होतं की नाव रांगतेय.

काठावर आई पोरीला घेऊन उभी होती. आता पदर ओढायचं कारण नव्हतं. पोरीनं मला बघितलं, ओळखलं, "आई" म्हणाली आणि आजीच्या कडेवरून हात पुढं केले. मी तिला घेऊन सरळ तट्ट्याच्या आत गेले. खाली बसले. फडकं सोडलं, चोळीची गाठ सोडली. दूध बहुतेक आटलं होतं, हे मला ठाऊक होतं, तरी सोडली. सासूला नको होतं, आईला नको होतं, म्हणूनही सोडली असेल.

पोरीनं बघितलं. जवळ आली. मग तिनं इवल्या हातानं माझा पदर धरला आणि नीट ओढून मला झाकलं.

"बाऊ," ती म्हणाली. "आईला बाऊ झालाय."

हे माझ्या आईनं तिला शिकवलं होतं. रोज, रडली की, सांगितलं असणार. पोरगी गुडघ्यांवर बसली, माझ्या छातीशी तोंड नेलं आणि पदरावरून फुंकर घातली. खरचटल्यावर मी तिला घालायची तशीच, गाल फुगवून. एकदा घातली, माझ्याकडे बघितलं, बरं वाटतंय का ते पाहिलं, आणि पुन्हा घातली.

बाहेरून सासूबाईंनी तट्ट्यावर बोट वाजवलं.

"प्याली का गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

"देव पावला," त्या म्हणाल्या. बाहेर गाडी उतरवायची घाई चालली होती, बैल खुरांनी पाट वाजवत होते. पोरगी अजून फुंकर घालत होती.