व्याह्यांची जिलबी

अड्याळच्या बाजारात माझ्या दुकानाला लागूनच माझ्या एका जुन्या स्नेह्यांचं साड्यांचं दुकान. देहानं एवढे भारी, की पंगतीत जमिनीवर बसले तर उठताना माझा हात धरावा लागायचा. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हापासून दुपारच्या डब्यासोबत एक छोटा वजनकाटा येऊ लागला. भाताची वाटी काट्यावर ठेवायची, मोबाइलात तिच्या कॅलरी बघायच्या, मगच पहिला घास. मी हसलो की म्हणायचे, "हासा भाऊ! भात फुगते, तसा मानूस बी फुगते."

त्यांच्या लेकीच्या लग्नात मात्र मलाच धास्ती वाटली. शेवटच्या पंगतीत नवे व्याही शेजारी बसले आणि त्यांनी हौसेनं जिलबी थेट यांच्या तोंडासमोर धरली. "खा ना व्याही! आजच्या दिवशी कायले मोजून राहिले?"

सगळी पंगत बघू लागली. नाही म्हटलं तर व्याह्यांचा अपमान. यांनी आ केला, जिलबी चवीनं खाल्ली आणि अजून हात न लावलेली भाताची वाटी माझ्या पानात उपडी केली.

"भाऊ, माह्या भाताची जागा जिलबीनं घेतली. हा तुमी खा."

व्याहीसुद्धा खदखदून हसले, आणि मला उगाच माझाच पराक्रम असल्यासारखं वाटलं.

जेवणं आटोपली. सवयीनं मी बसल्या जागेवरून हात पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. गुडघ्यावर तळवा टेकून ते सरळ उभे राहिले आणि वरून मलाच म्हणाले, "उठता का भाऊ, का हात देऊ?"