बाजाराच्या दिवशी सापडलेल्या बी-पेशी

पुण्यात पीएचडीला लागून वर्ष झालं होतं. उंदराच्या प्लीहेतल्या पेशींमधून बी-पेशी ओळखायच्या, एवढंच माझं काम. बी-पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडीला हिरवा चमकणारा रंग जोडलेला, टी-पेशींना चिकटणारीला नारिंगी. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि ती कुठल्या रंगात चमकली ते पडद्यावर ठिपक्यानं उमटतं. पेशी एक तर बी असते नाहीतर टी, त्यामुळे दोन्ही रंगांत चमकणारी क्वचितच दिसावी. माझ्याकडे त्यांचा ढीग! तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच.

"चार दिवस घरी जाऊन ये," गाईड मॅडम म्हणाल्या.

मी लॅपटॉपसकट धाड या आमच्या गावी आले. बाजाराचा दिवस होता. बाबा भाजी आणायला गेलेले, आई ओसरीवर तूर पाखडत बसलेली. मी तिच्या शेजारी बसून फाइली उघडल्या.

हिरव्याचा थोडा उजेड नारिंगीच्या मोजणीत सांडतोच. तो वजा करता यावा म्हणून एका नळीत फक्त हिरवा, दुसरीत फक्त नारिंगी रंग घालून आधी यंत्राला दाखवावं लागतं. मी 'फक्त हिरवा' नावाची फाइल उघडली, तर आतल्या पेशी नारिंगी! नावांची अदलाबदल मीच केली होती, आणि पहिल्या वेळचा वजाबाकीचा तोच साचा पुढे दोनदा वापरला होता.

नावं सुधारली, वजाबाकी नव्यानं करायला लावली. दोन्ही रंगांतल्या ठिपक्यांचा पडद्यावरचा तिरका पट्टा विरला आणि हिरव्या बी-पेशींचा एक घोस खाली, नारिंगी टी-पेशींचा वर, असे सुटे सुटे उभे राहिले. मी किंचाळलेच. उठून ओसरीभर नाचले.

"काय झालं वं? काऊन नाचून राह्यली?" आईच्या हातातलं सूप कलंडलं.

"आई, सापडल्या! उंदराच्या पेशी सापडल्या!"

"उंदीर? कुठी हाय?" तिनं पाय वर घेतले.

मला हसू आवरेना. सांडलेली तूर वेचताना तर जास्तच. तेवढ्यात बाबा आले, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पडद्यावर वाकले. मी सगळं समजावलं.

"ह्या हिरव्या पेशी रोगाशी लढतात म्हणतेस?"

"हाव. अँटिबॉडी बनवतात."

"मंग माह्यातबी असतील?"

"तुमच्यातबी हायेत बाबा!"

बाबांनी स्वतःच्या दंडाकडे असं काही पाहिलं की आईही हसायला लागली. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "पोरीचं काही जमलं का?"

"जमलं!" मी ओरडले. त्या लगेच साखर घेऊन आल्या. लग्न नाही, पेशी जमल्या, हे कळल्यावर जरा खट्टू झाल्या, पण साखर माझ्या तोंडात घातलीच.

मॅडमना फोन केला. चूक माझीच, हे सांगताना मी इतकी खिदळत होते की त्यांनी दोनदा विचारलं, "रडतेयस का गं?"

पुढच्या आठवड्यात नळ्यांवर नावं तीन-तीनदा वाचून मी प्रयोग पुन्हा केला. तोच हिरवा घोस, तोच नारिंगी.